फोर बाय फोरचे अ‍ॅव्हरेज रस्त्यावर मोजा

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली



शिरूर तालुक्यातून हे पत्र लिहितो आहे. मागणी एकच आहे, ती सुरुवातीलाच सांगतो. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीचे, आणि सर्वांत आधी चारही चाकांना ताकद देणाऱ्या महागड्या एसयूव्हींचे अ‍ॅव्हरेज प्रत्यक्ष रस्त्यावर मोजले जावे आणि तो आकडा विक्रीच्या वेळी गाडीच्या काचेवर लावणे बंधनकारक व्हावे. त्यासाठी लागणारी यंत्रे देशात आहेत. नियमांचा पाया आपल्याच मंत्रालयाने घातला आहे. इतकेच नाही, तर या मोजणीचा मोठा भाग आजही होतो. फक्त गाडी घेणाऱ्याला तो कळत नाही.

हे पत्र शिरूरहून जाण्याला कारण आहे. आमच्या तालुक्यातल्या रांजणगावात, महागणपतीच्या देवळापासून जवळच, फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतला मोटारींचा कारखाना आहे. जीप गाड्या इथे बनवण्यासाठी 28 कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा 2015 मध्ये झाली. 2017 च्या उन्हाळ्यात इथून ‘जीप कंपास’ बाहेर पडू लागली आणि 31 जुलै 2017 रोजी ती 14 लाख 95 हजार रुपयांपासून विक्रीला आली. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या देशांसाठीची कंपासही रांजणगावातून जाऊ लागली. ऑस्ट्रेलिया, जपान, ब्रिटन अशा बाजारांत शिरूर तालुक्यात जोडलेली गाडी पोहोचली, याचा आम्हा तालुकावासीयांना अभिमान आहे. कारेगाव, ढोकसांगवी, रांजणगाव परिसरातल्या कितीतरी घरांची चूल या कारखान्यावर आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या शेडवर पेटते.

पुढे या गाडीच्या किमती चढत गेल्या आणि फोर बाय फोरचे वरचे मॉडेल तीस लाखांच्या घरात पोहोचले. तरीही ती फक्त कोरेगाव पार्क आणि बाणेरची गाडी राहिलेली नाही. जमिनीचा मोबदला मिळालेले शेतकरी, वाहतूक ठेकेदार, कांद्याचे आणि गुळाचे व्यापारी, डॉक्टर, बांधकामवाले अशी मंडळी शिरूर आणि दौंडमध्ये या वर्गातल्या गाड्या घेतात. कंपास असो की दुसऱ्या कुठल्या कंपनीची फोर बाय फोर, एमएच-12 आणि एमएच-42 च्या पाट्या लावून त्या नगर रस्त्यावर, न्हावरे-चौफुला मार्गावर आणि पाटसच्या टोलनाक्यावर रोज दिसतात. चार-पाच वर्षांनी याच गाड्या सेकंडहँड बाजारात येतात आणि बेताच्या ऐपतीचा माणूस त्या घेतो. किंमत उतरलेली असते, पण इंधन त्या तितकेच पितात. म्हणून अ‍ॅव्हरेजचा प्रश्न श्रीमंतांचा म्हणून सोडून देता येत नाही.

आता आकड्याकडे येतो. कंपास बाजारात आली तेव्हा तिच्या दोन लिटरच्या डिझेल इंजिनासाठी लिटरला 17.1 किलोमीटर हा, एआरएआय या पुण्यातल्या वाहनचाचणी संस्थेने प्रमाणित केलेला आकडा छापला गेला. कंपनीने यात काही गैर केले, असे मी म्हणत नाही. तो आकडा नियमाप्रमाणे झालेल्या चाचणीतूनच आला. माझे म्हणणे चाचणीबद्दल आहे.

ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर उभी करतात, चाके जागच्या जागी फिरतात आणि चालक समोरच्या पडद्यावरच्या ठरलेल्या रेषेप्रमाणे वेग वाढवतो, कमी करतो. आपल्याकडच्या या वेगपटाला सुधारित भारतीय ड्रायव्हिंग सायकल म्हणतात. ती 1180 सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांपेक्षाही कमी वेळाची असते. तिचा सरासरी वेग तासाला तीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि कमाल वेग 90 किलोमीटर. वेग अगदी सावकाश वाढतो. एसी बंद असतो. प्रयोगशाळेचे तापमान सुखकर असते. रस्त्याचा आणि हवेचा विरोध रोलरवर कृत्रिमरीत्या लावतात. तो किती लावायचा, हे आधी मोकळ्या सपाट धावपट्टीवर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून, ती किती वेळात मंदावते यावरून काढलेले असते. शास्त्र म्हणून ही पद्धत व्यवस्थित आहे. दोन गाड्यांची एका मापाने तुलना करायला ती उपयोगी पडते. मात्र तिच्यातून निघालेला आकडा घेऊन ज्या रस्त्यावर गाडी जाते, तो रस्ता त्या चाचणीत कुठेही नाही.

आपण रस्त्यांचे मंत्री आहात, म्हणून रस्त्याच्याच भाषेत सांगतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींची वेगमर्यादा 100 आहे, समृद्धी महामार्गावर 120. कायदा ज्या वेगाने गाडी चालवू देतो, तो वेग मायलेजच्या चाचणीत येतच नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 वरून 100 वर गेले की तो दीडपटीहून जास्त होतो. 90 वरून 120 वर गेले तर पावणेदोन पटींच्याही पुढे जातो. बुटक्या, निमुळत्या सेडानपेक्षा उंच कपाळाच्या एसयूव्हीला हा दंड अधिक बसतो, कारण हवेला भिडणारा तिचा पुढचा भागच मोठा असतो. म्हणजे ज्या गाडीचे खरे नुकसान वेगात होते, तिचीच चाचणी आपण कमी वेगात उरकतो.

दुसऱ्या टोकाला आमचा नगर रस्ता आहे. वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात संध्याकाळी गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये सरपटते. हंगामात न्हावरे-चौफुला रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर पुढे असतात. त्यांच्यामागे रांगायचे, समोरचा रस्ता मोकळा दिसला की जोरात ओव्हरटेक करायचे, पुन्हा ब्रेक मारायचा, असा सगळा प्रवास. जड गाडीला वेग देण्यासाठी जाळलेले डिझेल प्रत्येक ब्रेकबरोबर उष्णता होऊन जाते. त्यात एप्रिल-मेमध्ये दौंडचा पारा चाळिशी ओलांडतो आणि एसी दिवसभर बंद करता येत नाही. या तीनही गोष्टी, म्हणजे सारखे थांबणे, जोराने वेग घेणे आणि एसी, प्रमाणपत्राच्या आकड्यात नीट उतरलेल्या नाहीत.

फोर बाय फोरची गोष्ट आणखी वेगळी आहे. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत मागच्या चाकांनाही ताकद द्यायची म्हणजे एक जादा गियरपेटी, लांब प्रोपेलर शाफ्ट, मागचा डिफरन्शियल, दोन बाजूंचे अर्धे शाफ्ट आणि या सगळ्यांना धरणारे बळकट सांगाडे आले. हे वजन गाडी दररोज वाहते, चिखल असो वा नसो. शिवाय फिरणारे दाते, बेअरिंगा आणि घट्ट तेल यांचे घर्षण इंजिनाची थोडी ताकद सतत खाते. कंपाससारख्या गाड्यांत गरज नसेल तेव्हा मागचा अ‍ॅक्सल आपोआप सुटा करण्याची सोय आहे. हे चांगले तंत्र आहे, त्याने घर्षणाचा खर्च बराच वाचतो. वजनाचा खर्च मात्र वाचत नाही. त्यातून मालकाने रुंद, जाड नक्षीचे टायर घातले आणि टपावर कॅरिअर बसवला, तर अ‍ॅव्हरेज आणखी उतरते.

आमच्या भागात फोर बाय फोरचा उपयोग नाही, असे कुणी म्हणू नये. भीमा आणि घोड नदीकाठची काळी जमीन पावसाळ्यात अशी चिकट होते की पाणंद रस्त्यावर साध्या गाडीची चाके जागच्या जागी फिरत राहतात आणि गाडी हलत नाही. उसाच्या फडापर्यंत, वस्तीवरच्या आजारी माणसापर्यंत गाडी न्यायची तर चार चाकांची ओढ लागते. ज्याला ती गरज आहे, त्याने जरूर घ्यावी. पण बहुतेक गाड्यांचे बहुतेक धावणे डांबरावरच होते. पावसाळ्यातल्या थोड्या दिवसांच्या सोयीसाठी वर्षभर किती डिझेल जादा जाळावे लागेल, हे घेणाऱ्याला आधी कळले पाहिजे. तो हिशेब शोरूममध्ये कुणी देत नाही, कारण देण्याजोगा आकडाच त्यांच्याकडे नसतो. जाहिरातीत सहसा ठळक दिसतो तो त्या मॉडेलच्या सर्वांत काटकसरी प्रकाराचा आकडा. फोर बाय टू आणि फोर बाय फोर, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक यांतला फरक बारीक अक्षरांत किंवा विक्रेत्याच्या तोंडी राहतो.

पैशांत पाहू. वर्षाला 15,000 किलोमीटर धावणारी गाडी लिटरला 17.1 किलोमीटर देत असेल, तर तिला सुमारे 877 लिटर डिझेल लागेल. तीच गाडी वाहतुकीत, एसी लावून, महामार्गाच्या वेगात 12 देत असेल, असे समजू. मग 1,250 लिटर लागतील. फरक 373 लिटरचा. डिझेल 90 रुपये धरले, तर वर्षाला तेहतीस हजारांवर रुपये, आणि हवेत सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड जादा. गाडी दहा वर्षे चालली तर तीन लाखांहून अधिक. लिटरला 12 हे मी उदाहरणापुरते धरले आहे. खरा आकडा किती, हे सांगण्याची जबाबदारी सरकारी मान्यतेच्या चाचणीने घ्यावी, एवढेच तर आमचे मागणे आहे.

तफावत नेमकी किती असते, हे मोजून पाहणारे देश आहेत. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2021 पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या मोटारींमध्ये इंधनाचा खर्च मोजून साठवणारे उपकरण सक्तीचे केले. लाखो गाड्यांतून गोळा झालेल्या या नोंदींचा पहिला अहवाल युरोपीय आयोगाने मार्च 2024 मध्ये प्रसिद्ध केला. रस्त्यावरचा खर्च प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा डिझेल गाड्यांत 18.1 टक्के आणि पेट्रोल गाड्यांत 23.7 टक्के जास्त निघाला. चार्जिंग करून चालणाऱ्या प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा प्रत्यक्ष धूर कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट होता. ध्यानात घ्यायची गोष्ट ही, की ही तुलना डब्ल्यूएलटीपी या नव्या, कडक चाचणीशी होती. ती चाचणी 1800 सेकंदांची असते आणि तिचा कमाल वेग 131 किलोमीटर आहे. एवढ्या कडक चाचणीतही पाचवा हिस्सा इंधन निसटत असेल, तर आपल्या सौम्य चाचणीत किती निसटत असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल. युरोपातली डिझेलची तफावत आपल्या 17.1 ला जशीच्या तशी लावली, तरी तो आकडा साडेचौदावर उतरतो.

डब्ल्यूएलटीपी आपल्याकडे आणण्याच्या दिशेने आपल्या मंत्रालयाने पावले टाकली आहेत, त्याबद्दल आपले अभिनंदन. पण युरोपचा अनुभव सांगतो, की प्रयोगशाळा कितीही सुधारली तरी रस्त्यावरचे मोजमाप वेगळे ठेवावेच लागते.

अमेरिकेने दुसरा मार्ग घेतला. तिथल्या पर्यावरण संस्थेने 2008 च्या मॉडेलांपासून मायलेजच्या हिशेबात जास्त वेगाची, एसी चालू ठेवून केलेली आणि थंडीतली अशा जादा चाचण्या धरायला सुरुवात केली. तिथे शोरूममधल्या प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कागद चिकटवलेला असतो. त्यावर शहरातले, महामार्गावरचे आणि एकत्रित मायलेज असे तीन आकडे असतात, वर्षाचा इंधनखर्च असतो आणि फोर बाय फोरचा कागद वेगळा असतो. 2018 च्या तिथल्या 2.4 लिटर पेट्रोल, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर कंपासच्या कागदावर शहरासाठी 22, महामार्गासाठी 30 आणि एकत्रित 25 मैल प्रतिगॅलन असे लिहिलेले होते. आपल्या मापात हे लिटरला सुमारे 9.4, 12.8 आणि 10.6 किलोमीटर होतात. ती गाडी मेक्सिकोत बनलेली, तिचे इंजिन वेगळे. आपल्या डिझेल गाडीशी तिची थेट तुलना होणार नाही. पण त्या ग्राहकाला तीन खरे आकडे वाचून निर्णय घेता आला. रांजणगावच्या गाडीच्या ग्राहकाला एकावरच भागवावे लागले.

मंत्रिमहोदय, हे आपल्याकडे होऊ शकते, याचा सर्वांत मोठा पुरावा आपणच तयार करून ठेवला आहे. 1 एप्रिल 2020 रोजी देशाने धुराच्या नियमांत बीएस-4 वरून थेट बीएस-6 वर उडी घेतली. 1 एप्रिल 2023 पासून त्याचा दुसरा टप्पा आला आणि गाड्यांच्या धुराची चाचणी प्रत्यक्ष रस्त्यावर करणे सक्तीचे झाले. या चाचणीत गाडीच्या मागे एक फिरते यंत्र बांधतात, त्याची नळी सायलेन्सरला जोडतात आणि शहर, ग्रामीण रस्ता, महामार्ग अशा तिन्ही टप्प्यांतून गाडी दीड ते दोन तास फिरवतात. हे यंत्र नायट्रोजनचे ऑक्साइड मोजते, सूक्ष्म कण मोजते आणि कार्बन डायऑक्साइडही मोजते. कार्बन डायऑक्साइड किती निघाला हे कळले, की किती इंधन जळले हे साध्या गुणाकार-भागाकाराने कळते. म्हणजे दुसऱ्या टप्प्यात मंजूर झालेल्या मॉडेलांचे रस्त्यावरचे अ‍ॅव्हरेज चाचणी संस्थांच्या नोंदींमधून काढता येण्याजोगे आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर 1966 पासून काम करणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थांकडे ही यंत्रेही आहेत आणि ती हाताळणारी जाणती माणसेही. धूर नियमात बसला की नाही, एवढ्यासाठी ही मोजणी वापरायची आणि त्याच मोजणीत दडलेला इंधनाचा आकडा फायलीत ठेवायचा, हे योग्य नाही.

ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी चढते तेव्हा तो काटा कुणाच्या ताब्यात आहे आणि बाहेरच्या काट्याशी त्याचा मेळ बसतो का, यासाठी महाराष्ट्रातल्या शेतकरी संघटना वर्षानुवर्षे भांडत आल्या. वजन बरोबर असेल तर ते कुठल्याही काट्यावर तेच यायला हवे, हा त्यांचा साधा आग्रह. अ‍ॅव्हरेजच्या बाबतीत आमचा आग्रह त्याहून वेगळा नाही.

याची देशपातळीवरची बाजूही आहे. आपण वापरतो त्यातले 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून येते. तेल वाचावे म्हणून मोटार कंपन्यांवर सरासरी इंधनखपतीची मर्यादा घातलेली आहे. ऊर्जा संवर्धन कायद्याखाली तिचा पहिला टप्पा 2017-18 पासून लागू झाला. 2022-23 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात किलोमीटरला 113 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड ही सरासरी धरली गेली. पण कंपनीने ही मर्यादा पाळली की नाही, हेही त्याच रोलरवरच्या आकड्यांवरून ठरते. रोलर आणि रस्ता यांच्यातले अंतर वाढत गेले, तर कागदावर बचत दिसेल आणि बंदरावर तेलाची जहाजे तितकीच लागतील.

आणि या बचतीत जड गाड्यांचा वाटा मोठा आहे. लिटरला 20 किलोमीटर देणारी छोटी गाडी 24 देऊ लागली, तर शंभर किलोमीटरमागे 0.83 लिटर वाचते. लिटरला 10 देणारी एसयूव्ही फक्त 12 देऊ लागली, तर त्याच शंभर किलोमीटरमागे 1.67 लिटर वाचते, बरोबर दुप्पट. लिटरमागे किती किलोमीटर, या आपल्या नेहमीच्या मापात हे झाकले जाते. ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ हे माप शेजारी छापले, तर शोरूममध्ये उभ्या माणसालाही ते लगेच दिसेल. म्हणून सुरुवात महागड्या फोर बाय फोर गाड्यांपासून करा, असे मी म्हणतो. तीस लाखांच्या गाडीच्या काचेवर एक कागद लावण्याचा खर्च कुणाला जड होणार नाही.

आता आमच्या उसाचा विषय. घोडगंगा कारखान्यापासून भीमा-पाटस कारखान्यापर्यंतच्या पट्ट्यातले आम्ही शेतकरी उसापासून बनणाऱ्या इथेनॉलचे समर्थक आहोत. ऑगस्ट 2023 मध्ये आपण इथेनॉलच्या मोठ्या मिश्रणावरही चालणारी फ्लेक्स-फ्युएल मोटार लोकांपुढे आणलीत, तेव्हा उसाला साखरेपलीकडचे गिऱ्हाईक मिळते आहे, याचा आनंद आम्हाला झाला. देशाने पेट्रोलमध्ये इथेनॉलचे 20 टक्के मिश्रण गाठले, त्यात आमच्या शेतांचाही घाम आहे. पण इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे रसायनशास्त्र आहे. त्यात लपवण्यासारखे काही नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच लिहिले आहे, की मुळात बिनमिश्रणाच्या पेट्रोलसाठी रचलेल्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज 20 टक्के मिश्रणावर 6 ते 7 टक्क्यांनी आणि नव्या जुळवणीच्या गाड्यांचे 1 ते 2 टक्क्यांनी उतरेल. असे इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावे, अशी शिफारसही त्यात होती. 2025 मध्ये या मिश्रणावरून केवढा गदारोळ झाला, तो आपण सोसला आहे. प्रत्येक मॉडेलचा आकडा 20 टक्के मिश्रणावर रस्त्यावर मोजून काचेवर लावलेला असता, तर अफवांना एवढी जागाच उरली नसती. इथेनॉलवरचा विश्वास टिकला तर ऊस टिकेल. त्यामुळे हा आकडा उघड व्हावा, यात आमचा स्वार्थही आहे आणि आम्ही तो लपवत नाही.

म्हणून आपल्याकडे या ठोस मागण्या आहेत.

पहिली: रस्त्यावरच्या धूरचाचणीत मोजलेल्या कार्बन डायऑक्साइडवरून निघणारा इंधनखर्च मॉडेलनिहाय प्रसिद्ध करावा. शहर, ग्रामीण रस्ता आणि महामार्ग असे तीन वेगळे आकडे द्यावेत.

दुसरी: फोर बाय टू आणि फोर बाय फोर, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक यांचे आकडे स्वतंत्र असावेत. एका प्रकाराचा आकडा साऱ्या मॉडेलच्या नावावर खपवायला मनाई असावी.

तिसरी: मोजणी एसी चालू ठेवून व्हावी आणि पेट्रोल गाड्यांची मोजणी पंपावर मिळणाऱ्या 20 टक्के मिश्रणावरच व्हावी.

चौथी: हे आकडे मराठीसह सर्व राज्यभाषांत, लिटरला किलोमीटर आणि शंभर किलोमीटरला लिटर अशा दोन्ही मापांत, वर्षाच्या अंदाजे खर्चासह गाडीच्या काचेवर लावावेत. जाहिरातीत मायलेज छापायचे असेल, तर हेच आकडे छापावेत.

पाचवी: युरोपप्रमाणे नव्या गाड्यांत इंधनखर्चाची नोंद ठेवणारी सोय सक्तीची करावी आणि मालकाचे नाव, नंबर न घेता गोळा केलेल्या सरासऱ्या दरवर्षी जाहीर कराव्यात. त्यामुळे सेकंडहँड गाडी घेणाऱ्यालाही आधार मिळेल.

कंपन्या म्हणतील, की चालक वेगवेगळे, रस्ते वेगवेगळे, मग एक आकडा खरा कसा? म्हणूनच एकाऐवजी तीन आकडे मागतो आहोत. अपघाताच्या बाबतीतही सगळे अपघात सारखे नसतात, तरी आपण 22 ऑगस्ट 2023 रोजी भारत एनकॅप या सुरक्षाचाचणी योजनेची घोषणा केलीत, 1 ऑक्टोबरपासून ती लागू झाली आणि पुढे गाड्यांना सुरक्षेचे तारे मिळू लागले. आज शिरूरच्या बाजारपेठेतला गृहस्थही गाडी घेताना ‘किती स्टार आहे?’ असे विचारतो. नियमाने एक आकडा लोकांच्या हाती दिला आणि त्या आकड्याने कंपन्यांना मजबूत गाड्या बनवायला लावले. इंधनाच्या बाबतीतही असेच घडेल. रस्त्यावर चांगले अ‍ॅव्हरेज देणारे तंत्र, मग ते सुटा होणारा मागचा अ‍ॅक्सल असो, हलके सांगाडे असोत वा चांगले टायर, बनवणाऱ्या अभियंत्याला त्याच्या कामाचे श्रेय मिळेल. रोलरवर छान दिसणाऱ्या आणि रस्त्यावर ढेपाळणाऱ्या गाडीला ते मिळणार नाही. चांगली गाडी बनवणाऱ्या रांजणगावच्या कामगारालाही हेच हवे आहे.

शेवटी एक सूचना. ही सुरुवात दिल्लीतून परिपत्रक काढून करण्याऐवजी आमच्याकडे येऊन करा. रांजणगावच्या वसाहतीतून निघावे, चारपदरी नगर रस्त्याने शिरूर गाठावे, तिथून न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून केडगाव-चौफुल्याला यावे, सोलापूर महामार्गाने पाटस आणि पुढे दौंड शहरात शिरावे. या एका फेरीत महामार्ग आहे, उसाच्या ट्रॉल्यांचा दुपदरी रस्ता आहे आणि रेल्वे जंक्शनच्या गावातली गर्दी आहे. एआरएआयच्या अभियंत्यांनी मोजणीचे यंत्र बांधून वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोर बाय फोर गाड्या या मार्गावर हिवाळ्यात एकदा आणि मे महिन्यात एकदा फिरवाव्यात, आणि निकाल त्याच आठवड्यात वर्तमानपत्रांना द्यावा. कायदा बदलण्याआधीही एवढे करता येईल. त्यासाठी आपला एक आदेश पुरेसा आहे. तो आपण येत्या गळीत हंगामाच्या आत द्यावा, ही विनंती.

आपला,
शिरूर तालुक्यातील एक ऊस उत्पादक आणि वाहनचालक